घोट्यावरची नस

न्हाणीच्या फरशीवर रक्ताची चिळकांडी उडत होती आणि ती माझ्या घोट्यातून येत होती. हातातला तांब्या निसटला, त्याची कड फुगलेल्या नसेवर बसली. दुखलं काहीच नाही. सुनेने मला ओढत बाहेर आणलं आणि खुर्चीवर बसवलं.

"आई, डोये मिटू नोका! कांदा हुंगा!"

घोट्यावर तिने मूठभर हळद दाबली. ती रक्तासोबत वाहून गेली.

"मी मरून राहिली अन् तू कांदा हुंगवून राहिली वं?" मी म्हणाले, पण जीभ जड झाली होती. माझी सासू अशीच, बसल्या बसल्या गेली होती.

नात आतल्या खोलीतून धावली. ती कॉलेजात प्राणीशास्त्र शिकते.

"हिले बसवलं काहून? आडवी कर! पाय वर, भिंतीले लाव!"

"चक्कर आली तं बसवतेत," सून म्हणाली.

"बसवलं म्हणून तं रक्त खाली धावून राहिलं!"

मला फरशीवर उताणी पाडलं. पाय भिंतीवर चढवला, नातीने जखमेवर ओढणी दाबून धरली. धार थांबली.

नंतर टाके पडले. उशीवर पाय ठेवून पडावं लागलं, म्हणून नातीचं शिकणं ऐकावं लागलं. जमीन सगळ्यांना खाली ओढते. पाण्यातल्या जिवाला पाणी तोलून धरतं, त्याला काय त्याचं! झाडावर चढणाऱ्या सापाचं काळीज डोक्याजवळ असतं, म्हणजे रक्त वर पोचतं. जिराफाच्या पायाची कातडी इतकी घट्ट, की खाली रक्त साचत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांना हे जमलं, ते उरले.

"अन् माणसाले काय देलं?"

"नसांमध्ये झडपा. वर चढलेलं रक्त परत पडू नये म्हणून."

"माह्या झडपा तं सडल्या."

"जलमभर हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली तू, आजी. वरून बाळंतपणं."

चार पाय सोडून दोनावर उभं राहायची अक्कल ज्याला सुचली, तो भेटला तर त्याला मीच आडवा करीन, असं मी तिला म्हणाले.

"हात मोकळे झाले त्याच्यानं," नात म्हणाली. "नाही तं लुगडी कशी विणली असती?"

"कोणी सांगतलं होतं विणाले?"

सून अजून शेजारणींना सांगते, हळदीने रक्त थांबलं. सांगो बापडी. सासू माझ्याच मागावर बसायची, तिचीही घोट्यावरचीच नस फुटली. घरच्यांनी तिला भिंतीला टेकवून बसवलं, कांदा हुंगवला, पदराने वारा घातला. कोणी तिला आडवं केलं नाही.

ती गेली. मी जगले.