वन्संचा तिसरा भाग

आमच्या वन्संनी साऱ्या आयुष्यात कुणाचं ऐकलं असेल तर ते फक्त एका बाईचं, आणि ती बाई कधी जन्मालाच आली नव्हती. विलायतेतल्या एका जुन्या कादंबरीत ती राहत असे. तिथं राहून तिनं धारेतल्या आमच्या घरात जो धुमाकूळ घातला, तो दोन घरं टाकून राहणाऱ्या सख्ख्या चुलत जावेलाही घालता आला नसता. मी लग्न होऊन तेरा वर्षांची या घरात आले तेव्हा नणंदेचा जाच कसा असतो याच्या गोष्टी आईनं पुष्कळ सांगून ठेवल्या होत्या. पण नणंद एखाद्या मडमेच्या वतीनं जाच करील, हे तिला तरी कुठून सुचावं?

वन्सं म्हणजे आमच्याकडच्यांची धाकटी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मामंजी दरबारात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत. मुलाला इंग्रजीची गोडी लागेना, म्हणून त्यांनी ती मुलीला लावली. सरदारपूरच्या छावणीतला एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. मामंजी तिथून एक दिवा, दोन खुर्च्या आणि लाल कापडी बांधणीची तीन भागांची ती कादंबरी घेऊन आले. दिव्याची काच आठवड्यात फुटली, खुर्च्यांना ढेकूण झाले. कादंबरी तेवढी टिकली. वन्संच्या लग्नात ती त्यांच्या पेटीतून देवासला गेली. शब्दकोश मांडीवर घेऊन, दुपारी अर्धं पान, कधी पाव पान, असं करीत त्यांनी तिथं तीन वर्षांत दोन भाग संपवले. ज्या दिवशी तिसरा हातात घ्यायचा त्या दिवशी तो पेटीत नव्हता. थंडीचे दिवस, गोवऱ्या ओल्या, आणि त्यांच्या सासूबाईंना आंघोळीचा बंब पेटवायला काही मिळेना, म्हणून तो बंबात गेला होता. वन्संनी नवऱ्याकडे पाहिलं. ते गृहस्थ देवासच्या थोरल्या पातीत, म्हणजे तिथल्या दोन राज्यांपैकी थोरल्यात, कारकून होते, स्वभावानं अगदी गाय. ते म्हणाले, "जाऊ दे. दोन आहेत ना अजून?"

त्या वाक्यावर वन्सं उठल्या, पेटी भरली, आणि टांगा सांगून धारेला आल्या. ओसरीवर पेटी ठेवून त्यांनी वडिलांना सांगितलं, "तिसरा भाग मिळाला की जाईन." मामंजी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, म्हणून मी दोघांकडे पाहून काहीच केलं नाही. आठ-पंधरा दिवसांत राग उतरेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. सात वर्षं लागली.

या सात वर्षांत ती विलायती बाई मला तोंडपाठ झाली. वडील वारल्यावर त्यांची नदीकाठची पाणचक्की ती एकटी चालवी. पहाटे उठून दोन कोस चाले. खोटं बोलत नसे. गावचा मोठा जमीनदार तिला मागणी घालतो, माणूसही वाईट नसतो. पण लग्नाचा दिवस तो तिला न विचारता ठरवतो, म्हणून ती त्याला नकार देते. मग नदीला पूर येतो, चक्कीचं चाक वाहून जातं, जमीनदार आपली घोडागाडी तिच्या दाराशी पाठवतो, ती दाराच्या कडीला हात घालते, आणि दुसरा भाग संपतो. कडी काढली की नाही, हे आमच्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. सासूबाईंचं मत पक्कं होतं. "काढील नाही तर काय करील? पावसात घोडे उभे आहेत ना बाहेर." मामंजी म्हणत, दोन्ही बाजू विचारात घेण्यासारख्या आहेत. ते प्रत्येक बाबतीत असंच म्हणत.

मला विचाराल तर त्या बाईचं मला कधी कौतुक वाटलं नाही. वन्सं खांबाला टेकून तिची गोष्ट सांगत तेव्हा मी जात्यावर बसलेली असे, आणि माझ्या मनात हेच येई की जिचं दळण पाणी दळतं तिला स्वतंत्र राहायला काय जातं? शिवाय साऱ्या दोन भागांत तिनं एकदाही भांडी घासली नव्हती. खिडकीशी उभी राहून ती तासन् तास विचार करी, तेव्हा चुलीवरचं कोण उतरवी, याचा कुठं उल्लेख नव्हता. तिला भावजय नव्हती. असती तर तिची बाजूही कुणीतरी ऐकून घ्यायला हवी होती.

मला आणखी राग येई तो वन्संच्या फिरण्याचा. ती दोन कोस चालते म्हणून यांनीही पहाटे चालायला सुरुवात केली. नऊवारी नेसून, हातात मामंजींची छत्री, तळ्याला वळसा घालून थेट नौगावच्या वाटेपर्यंत. गावात कुजबुज झाली, तेव्हा सासूबाईंनी तोड काढली: मी मागून पूजेचं ताट घेऊन चालावं, म्हणजे नणंदा-भावजया तळ्याकाठच्या देवीला निघाल्यात असं दिसेल. त्यामुळे स्वतंत्र बाई पुढं झपाझप चालत, आणि मी हळदीकुंकू सांडत मागून धावे. देवी मागं टाकून आम्ही पुढं निघालेल्या पाहून दूधवाला रोज विचारी, "बई, देवी तो पाछे रै गी, कां जई रिया हो?" वन्संनी त्याला एकदा खरं उत्तर दिलं, "कुठं नाही. फक्त चालतेय." त्यानं ते गावभर सांगितलं.

खरं बोलण्याचंही तेच. सासूबाईंच्या मैत्रिणीनं हौसेनं आणलेल्या अनारशांना त्यांनी, विचारलं म्हणून, "चामड्यासारखे झालेत," असं सांगितलं. ती बाई दोन वर्षं आमच्याकडे आली नाही. मी म्हटलं, "वन्सं, गप्प बसायला काय झालं होतं?" त्या म्हणाल्या, "ती बसली नसती." ती म्हणजे चक्कीवाली. जी माणसं घरात असतात त्यांच्याशी भांडता येतं. हिच्याशी कसं भांडणार?

तिकडे देवासला जावईबापूंनी तिसऱ्या भागाचा शोध मांडला होता. त्यांना इंग्रजी बेताचंच येई. महूच्या छावणीत रद्दीवाल्यांकडे जाऊन ते 'भाग तिसरा' एवढंच ओळखत आणि मिळेल तो पाठवून देत. पहिल्या पुडक्यात समुद्रावरच्या लढायांच्या कादंबरीचा तिसरा भाग निघाला. दुसऱ्यात घोड्यांच्या रोगांचा. मग एका पाद्र्याच्या प्रवचनांचा. वन्सं प्रत्येक पुडकं उघडत, पहिलं पान पाहत, मिटून ठेवत, आणि चार दिवसांनी पुन्हा काढून वाचायला बसत. हळूहळू फडताळात असे तेरा-चौदा तिसरे भाग जमले. कितीतरी गोष्टींचे शेवट वन्संना ठाऊक झाले, सुरुवात एकीचीही नाही. त्या पुडक्यांबरोबर चिठ्ठी असे: "हा असावा असे वाटते." वन्सं उलट टपाली लिहीत, "हा नव्हे." सात वर्षांत नवराबायकोचा याखेरीज पत्रव्यवहार झाला नाही. पुढंपुढं मात्र मला एक दिसू लागलं, की पुडकं यायला उशीर झाला तर त्या दिवशी फिरणं तळ्यावरूनच परत येई.

एवढं त्या बाईला नावं ठेवते, तर एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. माझं माहेर अमझेऱ्याचं. चौथ्या की पाचव्या वर्षी भावाचं पत्र आलं, आईला फार बरं नाही, ताईला पाठवा. सासूबाई म्हणाल्या, संक्रांत होऊ दे, मग पाहू. मामंजी म्हणाले, दोन्ही बाजू विचारात घेण्यासारख्या आहेत. आमच्याकडचे खाली मान घालून जेवत होते. मी वाढत होते, आणि हातातली पळी तशीच ठेवून मी बोलून गेले, "जायचं की नाही ते मला विचारलं नाही कुणी."

घरात मी पहिल्यांदाच एवढं मोठ्यानं बोलले होते. सासूबाईंनी वन्संकडे पाहिलं, जणू मीठ कुणी जास्त घातलं ते त्यांना कळलं होतं. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "मग विचारा की तिला." दुसऱ्या दिवशी मी अमझेऱ्याला गेले. आई आणखी अकरा दिवस होती. ते अकरा दिवस मला मिळाले. परत आले तेव्हा वन्संनी माझ्या मागं स्वयंपाकघर सांभाळलं होतं, म्हणजे दोन पातेली करपवली होती आणि पिठाच्या डब्यात पोरकिडे झाले होते. मी रडतरडत पीठ चाळलं. त्या शेजारी बसून राहिल्या. मदत काही केली नाही.

सातव्या वर्षी, देवासच्या सासूबाई निवर्तल्यानंतर सहा-सात महिन्यांनी, जावईबापू स्वतः आले. केस कानशिलांवर पांढरे झाले होते. त्यांनी काखेतून फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक काढून ओसरीवर ठेवलं. तीच लाल बांधणी. वन्सं दाराशी आल्या.

"हाच आहे?"

"हाच. वाचून पाहिला."

"तुम्ही?"

"शाळेतल्या मास्तरांकडे शिकलो, चार वर्षं. चुकीचे भाग किती दिवस पाठवायचे?"

वन्संनी पुस्तक उचलून घेतलं. मग म्हणाल्या, "शेवट सांगू नका."

"नाही सांगत."

चार दिवस वन्संनी वाचलं. जावई घरात म्हणून चारही दिवस मी गोडधोड केलं: श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी, पुन्हा श्रीखंड. त्यांना खायला सुचत नव्हतं, आणि ते ओसरीवर बसून घराच्या आतल्या दाराकडे पाहत. चौथ्या दिवशी दुपारी वन्सं स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्याजवळ बसल्या.

"काढली तिनं कडी," त्या म्हणाल्या.

"मग?"

"लग्न केलं त्याच्याशी. चक्की त्याच्या नावावर करून दिली. शेवटच्या पानावर खिडकीत बसून भरतकाम करते."

सात वर्षं मी त्या बाईला बोल लावले होते. तिचं चांगलं झालं, घर मिळालं, नवरा मिळाला, तर मला बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, रागाचं. मी म्हटलं, "चक्की कशाला दिली? असं कसं केलं तिनं?"

"कुणास ठाऊक," वन्सं म्हणाल्या. "लिहिणारा थकला असेल."

मग त्या उठून ओसरीवर गेल्या. मी दाराआड उभी राहिले. ऐकायचा हक्क मी चार दिवसांच्या गोडधोडानं मिळवला होता.

"हे तुम्हाला केव्हा मिळालं?"

"झाले दोन महिने."

"मग लगेच का नाही आणलंत?"

"शेवट मला आवडला नाही," ते म्हणाले. "तुम्हाला वाटेल, तुम्हीही तिच्यासारखं करावं असं सांगायला मी आलो. आणि न आणावं तर तुम्ही वाट पाहणार."

"भाग जळला त्या दिवशी तुम्ही आईंपुढं गप्प का बसलात?"

"आईपुढं तोंड उघडत नसे माझं. दोन आहेत ना, असं म्हणालो. तेव्हापासून ते वाक्य मला रोज आठवतं."

वन्संनी कमरेला खोचलेलं एक पत्र काढून त्यांच्यापुढं ठेवलं. आम्हाला कुणालाही पत्ता न लागू देता त्यांनी देवासच्या मुलींच्या शाळेत अर्ज केला होता, आणि मास्तरीण म्हणून त्यांना घ्यायला शाळा तयार होती. तिसरा भाग येवो न येवो, त्या देवासला जाणारच होत्या. जावईबापूंनी पत्र दोनदा वाचलं.

"ही धाकट्या पातीची शाळा आहे," ते हळूच म्हणाले. "मी थोरल्या पातीचा नोकर."

"मधे एक रस्ताच तर आहे. अकराला जाईन, पाचला येईन. मी तुमच्या घरी येऊ की दुसरीकडे जागा पाहू, ते तुम्ही सांगा."

"मला विचारताय?" ते म्हणाले, आणि मला वाटतं, त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले. "घरी या."

अशा रीतीनं वन्सं देवासला गेल्या, आणि नवरा एका राज्याचा चाकर, बायको दुसऱ्याची, असा त्यांचा संसार झाला. दोन्ही दरबारांत मानपानावरून काही बिनसलं की दोघं एकमेकांना चिडवत, असं माझ्या कानावर येई. मला वाटलं होतं, आता हायसं वाटेल. पहिल्या दिवशी मी दुपारी झोपलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी जात्यावर बसले, आणि खांबापाशी कुणी नव्हतं. मग ती दुपार फार लांबली.

पुढं बारा-तेरा वर्षांनी माझ्या थोरलीच्या स्थळासाठी मी देवासला गेले होते, तेव्हा एक दिवस त्यांच्याकडे उतरले. सकाळी साडेदहाला त्या शाळेला निघाल्या. मी म्हटलं, "वन्सं, एक दिवस रजा घेतली तर शाळा पडणार नाही." त्या चपला घालत म्हणाल्या, "मुलींची परीक्षा आहे. संध्याकाळी बोलू, पुष्कळ सांगायचंय तुला." माझा टांगा चारचा ठरला होता. किती वाजता निघणार, हे त्यांनी विचारलंच नाही, याचा मला इतका राग आला की मीही सांगितलं नाही. दारात उभी राहून पाहत राहिले. रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर त्यांनी मागं वळून हात हलवला, आणि शाळेच्या मुलींनी त्यांना घेरलं. चार वाजता टांगेवाल्यानं हाक मारली, "चलो भाभीजी, इंदौर पोंचते अंधेरा हो जायगा," आणि मी निघाले.

त्या हिवाळ्यात त्या तापानं गेल्या. जावईबापूंचं पत्र आलं, मोडी अक्षर, चार ओळी. मी आता त्यांच्याहून कितीतरी मोठी झाले आहे. अजून कधी दुपारी हातातलं काम टाकून मी बसते, आणि पाच वाजता त्या घरी आल्या असतील तेव्हा मला काय सांगणार होत्या, याचा विचार करीत राहते.