पुस्तकं पूजेत होती ते दिवस

माझा स्वभाव आधीच तापट, त्यात धीर नावालाही नाही. लेक साडेचार वर्षांची झाली आणि मी तिच्या वाचनामागे हात धुऊन लागले. दसरा झाला की शाळेच्या प्रवेशाची मुलाखत होती, आणि शेजारची तिच्याच वयाची पोर बसवरच्या पाट्या वाचत होती. माझी मात्र अक्षरावर बोट ठेवलं की छताकडे बघायची. ऑफिसातून आले की चप्पल काढायच्या आधी मी पुस्तक काढायची. माझा आवाज चढायचा, तिचे ओठ थरथरायचे, आणि वर मीच म्हणायची, रडायला काय झालं?

त्यातच नवरात्र आलं. सासूबाईंनी घरातली सगळी पुस्तकं गोळा करून सरस्वतीपुढे मांडली, लेकीचं अक्षरांचंही. आमच्याकडे म्हैसुरात एकदा पुस्तकं पूजेला बसली की दसऱ्यापर्यंत वाचायचं नाही. निदान तेवढं एक तरी बाहेर ठेवा, मुलाखत तोंडावर आलीय, असं मी म्हटलं. "सुम्मने, गप्प बस गं," त्या म्हणाल्या, "पोरगी कुठं पळून चाललीय?"

ते दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. भाजीला गेलं तरी मी दुकानाची पाटी दाखवायची, आणि ती माझं बोट सोडून पुढे चालू लागायची.

एका संध्याकाळी घरी आले तर ती म्हैसुरात दसऱ्याला घरोघरी मांडतात त्या बाहुल्यांपुढे बसलेली. दोन्ही तळहात पुस्तकासारखे उघडलेले, आणि त्यात बघून ती बाहुल्यांना गोष्ट वाचून दाखवत होती. वाघाचा आवाज जाड, सशाचा बारीक. मधेच बोटाला थुंकी लावून पान उलटायची. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण गप्प बसेन तर ती मी कसली. त्या पानावर कुठलं अक्षर आहे, सांग बघू, असं विचारलंच. तिने हात मिटले आणि आजीकडे निघून गेली.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उठली. त्या दिवशी चार ओळी तरी वाचायच्याच असतात, म्हणून सासूबाईंनी पुस्तक तिच्यापुढे धरलं. ती घेईना. देवाकडेच राहू दे म्हणाली. का गं, आजीने विचारलं.

"पुस्तक नसलं की आई ओरडत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला मांडीवर घेऊन सासूबाईंनी स्वतःच वाचायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळाने तीही पानावर वाकली. मी दारातच उभी होते. आत ये, असं मला कोणी म्हटलं नाही.