बसा, आबा

घोडेगावहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं मला शाळेच्या फाटकातच गाठलं. "मास्तर, आबा गेले. बाजारातच... उभ्यानंच गेले." महिना होत आला, पण त्याचा तो 'उभ्यानंच' कानातून जात नाही.

आबा म्हणजे माझे वडील. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ते बैल पारखून द्यायचे. बैलाचा जबडा उघडून 'चार दाती', 'सहा दाती' असं वय सांगायचे, तो शब्द शेवटचा. पुढे माझ्याकडे श्रीरामपुरात आल्यावर डॉक्टरांनी त्यांनाच वय विचारलं, तर यांनी आ वासला. "दोनच ऱ्हायलेत. काय धरायचं ते धरा."

बहात्तरच्या दुष्काळात बाजार मोडला. आई आधीच गेलेली. मी आबांना श्रीरामपूरला आणलं, त्यांच्यासाठी वेताची खुर्ची घेतली आणि ओट्यावर मांडली. खोटं कशाला सांगू, आपण फार गुणी मुलगा आहोत असं मला वाटत होतं. आबा दळणाचा डबा उचलायला गेले की मी म्हणायचो, "आबा, तुम्ही बसा." धाकटीला शाळेत पोचवायला निघाले की बायको म्हणायची, "मामंजी, बसा." ते मात्र चौकटीला टेकून उभेच. एकदा चिडले. "बसा, बसा... बसक्या बैलाला बाजारात कुनी इचारतं का रं?" मी हसण्यावारी नेलं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

पुढच्या साली पाऊस झाला, बाजार भरू लागला, तसे आबा पिशवी घेऊन स्टँडवर. मी आडवा गेलो. "तिथं तुम्हाला कोण बघणार?"

"मला बघाया न्हाई, बैल बघाया चाललोय," म्हणाले आणि घोडेगावच्या एस.टी.त चढले.

आमच्या ओळीत गावाकडून आणलेले असे आणखी तीन म्हातारे आहेत. पूर्वी माणसं एवढी जगत नव्हती. आता औषधपाण्यानं जगतात, आणि आपण त्यांच्या हातातलं काम काढून घेतो, वर त्याला सुख म्हणतो. जगभर हेच चाललं असेल का... मला माझ्या ओट्यापुरतं कळलं, तेही उशिरा.

परवा धाकटी त्या खुर्चीत पाढे म्हणत बसली होती. म्हणाली, "अप्पा, आबांची खुर्ची टोचते."

नवा वेत टोचतोच. रोज कुणी बसलं की वेत मऊ पडतो. आबा तिच्यात एकदाही बसले नव्हते.