चामडीवाल्या मॅडम

तोंडाला हात लावणाऱ्या पेशंटच्या हातावर मॅडम सरळ फटका मारत. पहिल्या भेटीत तो मलाही बसला. बोलता बोलता हनुवटीवरचा एक मुरूम मी नखाने चाचपत होते. चटका बसला तसा हात मागे घेतला. "बोट हाय का चाकू हाय तुयं?" मॅडमनी विचारलं, आणि लगेच काही झालंच नाही अशा आवाजात माझं नाव, वय आणि पाळी वेळेवर येते का ते विचारायला लागल्या.

गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा लहान झाला, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. तोवर तुमसरच्या माणसाला चामडीच्या डॉक्टरसाठी नागपूरची गाडी पकडावी लागे. मॅडमनी तुमसरच्या बाजारात दोन खोल्या घेऊन दवाखाना टाकला आणि लोकांनी त्यांचं शिकलेलं नाव बाजूला ठेवून 'चामडीवाली मॅडम' करून टाकलं. दिघोरीच्या एका शाळामास्तरांची ही मुलगी. उंच, सावळी, आवाज खणखणीत, आणि दोन्ही गालांवर खोल खड्डे.

त्या खड्ड्यांवरून बाहेरच्या बाकांवर कुजबुज चालायची, की स्वतःचं तोंड जिला दुरुस्त करता आलं नाही ती आपलं काय करणार. मॅडमना ते आतून ऐकू येई. एकदा त्या उठून बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर गाल पुढे करून म्हणाल्या, "पाहा नीट. मी डॉक्टरकी शिकत होती तवा आले हे, पोरवयात नाही. लाज वाटे, म्हणून रोज आरशापुढं बसून फोडत होती. मले कोणी हात धरून थांबवलं नाही. तुमाले मी थांबवते. ज्याले पटत नसन त्यानं घरी जावं." कोणी उठलं नाही.

मी तेव्हा तिशीची, बिनलग्नाची. आमचं कोष्ट्यांचं घर, बाप-भाऊ मागावर बसणारे. माझ्या जबड्याच्या कडेने मोठमोठे दुखरे मुरूम येत आणि जाताना काळे डाग ठेवून जात. आई म्हणे पोटातली गरमी. आत्या म्हणे लग्न लावा, आपोआप बसतील. मी दिवसातून सतरा वेळा साबणाने तोंड घासत होते. मॅडमनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मळानं मुरूम येत नाही, पुष्पे. चामडीच्या आत तेलाच्या बारीक पिशव्या असतात. त्याईचं तोंड बुजलं की तेल आत साचते, मंग पिकते. मोठ्या बाईले जबड्यावर आले, पाळीच्या आधी वाढले, की समजाचं, अंगातलं हार्मोन तेल जास्त काढून राहिलं. तू वरून घासून काय करशीन? चामडी सोलून निघन, मुरूम तिथंच राहीन."

त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी करायला लावली, एक गोळी आणि रात्री लावायचं एक मलम दिलं. वाटाण्याच्या दाण्याएवढं घ्यायचं, कोरड्या तोंडावर सगळीकडे पसरायचं, नुसतं मुरमावर नाही. दिवसा उन्हाचं मलम. केसाचं तेल कपाळावर ओघळू द्यायचं नाही. पोटुशी राहायचा विचार असेल तर आधी सांगायचं, कारण गोळी बंद करावी लागते. आणि तीन महिने होईपर्यंत 'काही फरक नाही' असं म्हणत दारात यायचं नाही. "पहिल्या महिन्यात मले शिव्या देशीन," त्या म्हणाल्या. मी दिल्याही. पावसाळा सरता सरता मात्र जबडा सपाट झाला. नंबर लावणारा माणूस त्याच सुमारास काम सोडून गेला होता. मॅडम म्हणाल्या, "दारात तूच बस. तुयं तोंड पाहून लोक थांबतीन."

मी दारात बसले आणि मॅडमचा खरा राग पाहिला. तो होता गोरं करणाऱ्या ट्यूबांवर. कुठल्याही मेडिकलात चिठ्ठीविना मिळायच्या. त्यात स्टेरॉइड. लावली की आठवड्यात तोंड उजळतं, डाग पुसट होतात, बाई खुश. महिने गेले की चामडी कागदासारखी पातळ होते, उन्हात भाजते आणि सगळ्या तोंडावर बारीक पुळ्या उठतात. सोडावी तर पुळ्या दुप्पट, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. मॅडम पेशंटची पिशवी उलटी करत, ट्यूब निघाली की पायरीवर टाकून चपलेने चिरडत. एकदा त्या समोरच्या दुकानात शिरल्या आणि काउंटरवरचा खोका उचलून रस्त्यावर फेकला. दुकानदाराने त्यांना ढकललं. मॅडमनी त्याला असं ढकललं की पाठ लागून त्याच्या कपाटाची काच तडकली. "पुढच्या वेळी तुयं डोकं राहीन तिथं," त्या म्हणाल्या, आणि परत येऊन हात धुऊन पुढचा पेशंट बोलावला.

ललिता चिखल्याहून आली ती अशाच ट्यूबेमुळे. नवरा मँगनीजच्या ट्रकवर ड्रायव्हर. सोबत तोही आला होता, दोन्ही पाय पसरून बसला. तिचं सगळं तोंड लाल आणि पुळ्यांनी भरलेलं. मॅडमनी विचारलं, ट्यूब कोणी आणली. नवरा म्हणाला, "मीच आणली. काळी दिसत होती."

"मंग हे तुमीच केलं," मॅडम म्हणाल्या. "आता ऐका. ट्यूब बंद केली की काही आठवडे तोंड आणखी बिघडन. घाबराचं नाही, तो ट्यूबेचा गुण हाय, औषधाचा नाही. तोंडाले साबण नाही, घासणं नाही."

बाहेर बाकांवर लोक होते, दार उघडं होतं, सगळ्यांनी ऐकलं. जाताना त्याने ललिताचं मनगट असं धरलं की तिच्या बांगडीचा तुकडा माझ्या टेबलाशी पडला.

मॅडमनी सांगितलं तसंच झालं. तोंड भडकलं, पुळ्या पिकल्या. नवऱ्याने वस्तीत सांगितलं, डॉक्टरणीने वाटोळं केलं. आणि एका सकाळी त्याने ललिताला केसाला धरून मोरीत बसवलं आणि टाच घासायच्या वजरीने तिचं तोंड घासलं. मळ काढतो म्हणाला. ती ओरडत होती तेव्हा सासू दाराशी उभी होती.

तो कामावर गेल्यावर ती मिळेल त्या गाडीने तुमसरला आली. तिने पदर बाजूला केला आणि बाकावरची एक म्हातारी उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दोन्ही गालांची चामडी निघालेली, कपाळावरून रक्त वाहून भुवईत वाळलेलं. मॅडमनी तिला आत झोपवलं. धुताना त्यांचे हात जराही हलत नव्हते. "पोलिसांना फोन लाव," त्या मला म्हणाल्या. "आणि सगळं खरं सांग, पुळी म्हणू नको, जखम म्हण."

पोलिसांच्या आधी तो आला. कोणी तरी त्याला कळवलं होतं. हातात टायर काढायची लोखंडी टॉमी. दारातच त्याने माझं टेबल उलथवलं, मी खुर्चीसकट पडले. नंतर त्याने आतल्या दाराची काच फोडली. "बाहेर काढा तिले," तो ओरडत होता.

मॅडम आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पांढऱ्या कोटावर ललिताचं रक्त होतं. "तिले नेशीन तर माह्या अंगावरून ने," त्या म्हणाल्या. आवाज वरही गेला नाही. त्याने टॉमी उगारली. मॅडमनी उजवा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज मी जमिनीवरून ऐकला. त्या खाली बसल्या, पण चौकटीला पाठ लावूनच बसल्या, दार अडवून. त्याने दुसरा घाव घातला तो खांद्यावर लागला.

तिसरा घाव घालायला त्याला मिळाला नाही. बाकांवरच्या बाया उठल्या. ज्यांना एरवी पदराआडून तोंड दाखवायची लाज, त्या सगळ्या. कोणी त्याचे केस धरले, कोणी टॉमी. भिंतीकडे वळलेल्या म्हातारीने त्याच्या मनगटाला चावा घेतला. चपला, डबे, पाण्याची घागर, हाताला लागेल ते त्याच्यावर बसलं. तो पायरीवर पालथा पडला तरी थांबेनात. शेवटी मॅडम बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पुरे. जिवंत पाहिजे तो मले." नंतर कधी तरी मी विचारलं, तुम्ही बायांना आधीच का नाही थांबवलं. "दिसत होतं मले सगळं," त्या म्हणाल्या. "घाई नव्हती."

पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. हाताला प्लास्टर बांधून मॅडम पुन्हा दवाखान्यात बसल्या. चिठ्ठ्या मी लिहायचे, त्या डाव्या हाताने सही करायच्या. ललिता माहेरी, मोहाडीकडे राहिली आणि दर महिन्याला येत राहिली. आधी जखमा भरल्या, मग पुळ्यांचं औषध हळूहळू सुरू झालं. तिची पाळीही वेळेवर नव्हती, हनुवटीवर केस होते. ट्यूबेच्या आधीपासून तिला मुरूम होते ते त्यामुळे, हे तेव्हा कळलं. तिला त्याची गोळी मिळाली. वर्ष उलटलं तोवर तिच्या तोंडावर कानाजवळची एक फिकट रेघ सोडली तर काही राहिलं नव्हतं.

तेच कोर्टात आड आलं. खटला उभा राहीपर्यंत बराच काळ गेला होता. नवऱ्याच्या वकिलाने ललिताला उजेडात वळायला लावलं आणि म्हणाला, हे तोंड वजरीने सोललेलं वाटतं का, मुरूम होते, औषधाने गेले, एवढीच गोष्ट. सासूने सांगितलं, सून पडली होती. मॅडमनी काय काय पाहिलं ते सगळं सांगितलं. मग वकिलाने हाताबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी उजवा हात कठड्यावर ठेवला. तो मनगटाशी वाकडा सांधला होता, बोटं पुरती मिटत नव्हती. नवऱ्याला शिक्षा झाली ती त्या हातासाठी. ललिताच्या तोंडासाठी कोणालाच काही झालं नाही.

बाहेर आल्यावर मॅडमनी कोर्टाच्या भिंतीवर डाव्या हाताची मूठ आपटली, एकदा, दोनदा, सालं निघेपर्यंत. ललिताने तो हात धरला. "राहू द्या ना मॅडम. मले बरं वाटून राहिलं. तो आत गेला."

"तुया नावानं जायला पाहिजे होता," मॅडम म्हणाल्या. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

त्या हाताने सुई धरणं, गाठ कापणं जमेना. दूरच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली तेव्हा त्यांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी लोक नुसते भेटायला येत होते. कोणी नव्या धानाचे पोहे आणले, कोणी काहीच न आणता बसून गेलं. संध्याकाळी ललिता आली. ती आता राईस मिलमध्ये कामाला होती, कपड्यांवर कोंडा होता. ती निरोपाचं काही बोललीच नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मॅडम, दोन आले. हनुवटीवर."

मॅडमनी तिचं तोंड दिव्याकडे वळवलं. "पाळी जवळ आली काय?"

"हो."

"मंग येतीन. जातीन. आहे तेच मलम लावजो."

"बस?"

"बस. साधे मुरूम हायत."

ललिता हसली, मग मिलमध्ये परत जायचंय म्हणून निघून गेली. मॅडम टेबलावरचं सामान डाव्या हाताने सरळ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पुष्पे, पुढचा पाठव."

बाकं रिकामी होती. ते मला त्यांना सांगवेना, म्हणून मी दारातच उभी राहिले.