सोडलेले चेंडू

सान पेद्रोतल्या एलिखिओ न्हाव्याच्या दुकानात तीन आठवडे एकच वाद पेटला होता: आपल्या गावचा रादामेस अमेरिकेत बेसबॉलमध्ये सारखा बाद का होतोय?

"बाहेरच्या चेंडूला बॅट घालतो येडा!" दाढीचा फेस उडवत क्रिस्पिनकाका ओरडले. "चार वाईट चेंडू सोडले की पहिला बेस फुकटात मिळतो. धीर धर की जरा!"

रादामेस आपटला म्हणून एलिखिओला तीन आठवडे गोड झोप लागत होती. पण हे ऐकून त्याचा जळफळाट झाला. सोळाव्या वर्षी दोघं एकाच मैदानावर होते. खेळाडू निवडायला अमेरिकन क्लबचा माणूस आला, तेव्हा एलिखिओने चारही वाईट चेंडू निमूट सोडले आणि तो बेसवर चालत गेला. रादामेसने मात्र डोक्यावरून जाणारा चेंडूही टोलावला. त्या माणसाने वहीत रादामेसचंच नाव लिहिलं. चालणारं पोर बघायला समुद्र ओलांडून कोण येतं?

"चेंडू सोडणं एवढं अवघड असतं का रे, एलिखिओ?" काकांनी विचारलं.

"छे हो काका," त्यांच्या गळ्याशी वस्तरा थांबवत तो म्हणाला. "मी सोडले होते ना. म्हणून तर अठरा वर्षं तुमची दाढी खरवडतोय."