आईच्या दगडाचे पैसे

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ मला कधी लागला नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हा कागद कुणाच्या हाती लागलाच तर चुका पोटात घालाव्यात. तोंडानं बोलता आलं असतं तर मी लिहायला बसलेच नसते.

मला वाईन आवडते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळ्यांनी तेच माझ्या तोंडावर मारलं. आम्ही ख्रिस्ती. माझी आई श्रीरामपूरला राहायची. द्राक्षं स्वस्त झाली की ती चिनी मातीच्या बरणीत साखर, दालचिनी आणि मूठभर गहू घालून वाईन लावायची आणि नाताळात बरणी उघडायची. बेलापूरला सासरी आले तर इथेही तीच रीत. फक्त इथे ग्लास भरायचा मान थोरल्या सुनेचा. प्रार्थना झाली की ती एकेकाला वाढत जाते, आणि शेवटचा ग्लास भरेपर्यंत कुणी थेंबही तोंडाला लावत नाही. थोरली सून मीच.

आई गेली तेव्हा तिच्या कबरीवर काळा दगड बसवायचं मी ठरवलं. पैसे माझे, शिवणकामाचे. नगरच्या कारागिरानं थोडे आगाऊ घेऊन दगड घडवून ठेवला, पण म्हणाला, "बाई, नाव कोरायचं ते पूर्ण पैसे आल्यावर. एकदा नाव कोरलं की तो दगड दुसऱ्या कुणाला विकता येत नाही." त्याचंही बरोबर होतं.

पुढे सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. धाकटे दीर पुण्याला कंपनीत आहेत. त्यांनी नगरच्या मोठ्या हॉटेलात सगळ्यांना जेवायला न्यायचं काढलं. मी म्हटलं, बरं झालं, जाता जाता दगडवाल्याचे पैसे देऊन टाकू. रुमालात पाच हजार बांधून घेतले आणि गाडीत जाऊबाईंना तसं सांगितलंही. दगडवाल्याची शेड आली तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, येताना थांबू. टेबल सांगून ठेवलंय." मी गप्प बसले. गप्प बसणं मला फार चांगलं जमतं.

जेवण मात्र खोटं कशाला बोलू, तसं मी पुन्हा जेवले नाही. हाडासकट शिजवलेलं मटण, बोटानं तुटणारं. तंदूरमधून आलेली रोटी, वर लोणी. दिरांनी लाल वाईनची बाटली मागवली आणि वेटरला झापलं, "एवढी गार आणतात का?" मग ग्लास गोल गोल फिरवून वास घेतला. सासूबाई म्हणाल्या, "आरं, पी की. नाक कशाला बुडवतो त्यात?" वेटरही हसला.

मी पहिला घोट घेतला. आमच्या बरणीसारखी गोड नव्हती. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते तशी आखडली, आणि वर मटणाचा घास गेला की पुन्हा मोकळी झाली. घोट, घास, घोट, घास. ग्लास कधी संपला कळलं नाही. दिरांनी परत भरला, मी नको म्हटलं नाही.

बिल आलं तेव्हा दिरांचा मोबाईल काही केल्या पैसे पाठवेना. बँकेचं काहीतरी बंद होतं म्हणे. वेटर उभा. आमचे मालक, दिरांचे थोरले भाऊ, बडीशेप निवडत बसले. जाऊबाई म्हणाल्या, "ताईंकडे आहेत की, दगडाचे."

"वहिनी, द्या ना तेवढे," दीर म्हणाले. "उद्या सकाळी पाठवतो." मी रुमालाची गाठ सोडली, पाचही हजार बिलात गेले.

परतताना दगडवाल्याची शेड उघडीच होती. गाडी थांबली नाही. थांबून करणार काय?

उद्याची सकाळ काही आली नाही. मी मालकांना म्हटलं, तुम्ही बोला. ते म्हणाले, "भावाला काय मागायचं? देईल." मी धीर करून फोन लावला तर दीर म्हणाले, "अहो वहिनी, लक्षात आहे." पुढच्या खेपेला ते हसत हसत घरात शिरले, हातात वाईनची बाटली. "खास तुमच्यासाठी. भारी आहे. त्यातच धरा." मी ती बाटली दगडवाल्यापुढे ठेवू की काय? त्यानंतर आम्हाला शिर्डीच्या रस्त्यावर जेवायला नेलं. चुलीवरचं कोंबडं आणि पुन्हा वाईन. बिल भरताना मोठ्यानं म्हणाले, "मागच्या वेळी वहिनी, या वेळी मी. फिट्टंफाट." सगळे हसले. वैताग याचा की कोंबडं चांगलं होतं आणि मी पोटभर जेवले होते. मग कुठल्या तोंडानं मागायचं? एकदा कसंबसं मागितलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "ताई, दोन ग्लास तर तुम्हीच घेतले होते."

नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावायचा दिवस आला. सगळ्यांच्या दगडांवर नावं. मी आईच्या मातीत मेणबत्ती खोचली, ती वाऱ्यानं दोनदा विझली.

नाताळला सगळे बेलापुरात जमले. प्रार्थना झाली. मी वाईनचा जग घेऊन वाढत निघाले. सासूबाई, मालक, जाऊबाई, पोरांना घोट घोट. दिरांपाशी आले आणि हात पुढे होईना. खरंच ठरवलं नव्हतं. मी पुढे जाऊन माझा ग्लास भरला आणि जग खाली ठेवला.

सगळे ग्लास हातात धरून थांबले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याला न्हाई दिली तू."

मी जगाखाली सांडलेले थेंब पदरानं पुसले.

दीर हसले. "वहिनी, विसरलात की रुसलात?"

"आईच्या दगडावर अजून नाव नाही, भाऊजी," मी म्हटलं. आवाज एवढा बारीक निघाला की मलाच लाज वाटली.

"कुठला दगड?" सासूबाईंना काहीच ठाऊक नव्हतं. मालकांनी खाली बघत सगळं सांगितलं. आपल्या वाढदिवसाच्या जेवणात सुनेच्या आईच्या दगडाचे पैसे गेले, हे ऐकून सासूबाईंनी ग्लास टेबलावर ठेवला. "म्हंजी ते मटण मी तिच्या कबरीवर बसून खाल्लं व्हय रं?"

"आई, देतोच आहे मी. आत्ता पाठवतो मोबाईलवर."

"मोबाईल ठेव खिशात. नोटा आन."

गावातलं एटीएम रिकामं, म्हणून दीर गाडी काढून श्रीरामपूरला गेले. आम्ही भरलेले ग्लास पुढ्यात घेऊन बसलो. रीतच तशी, कुणी पिऊ शकत नव्हतं. पोरं कुरकुरली, रस्सा गार झाला, जाऊबाई माझ्याकडे बघेनात. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. तरी मी जग उचलला नाही.

दीर आले, माझ्यासमोर नोटा ठेवल्या आणि आपल्या जागी बसले. मी त्यांचा ग्लास काठोकाठ भरला. त्यांनी घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि म्हणाले, "वहिनी, या वर्षी जरा जास्तच गोड झालीय."

मी सगळ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा, नोटा मोजल्या. पाच हजार पुरे होते.