एर्मिनियोवरची पाळत

एर्मिनियो कापोते ह्या माणसावर लक्ष ठेवायचं काम ज्या बाईकडे होतं, तिला मोतीबिंदूमुळे स्वतःच्या हाताची बोटंसुद्धा धड दिसत नव्हती. सिएनफुएगोस शहरात बंदराकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत ही गोष्ट लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. ज्यांनी काम दिलं होतं तेवढ्यांनाच ती ठाऊक नव्हती, आणि त्यांना ती जाऊन सांगणार कोण?

बाईचं नाव सेनाइदा. शेजाऱ्यांवर नजर ठेवायला सरकारने गल्लोगल्ली नेमलेल्या समितीची अध्यक्ष. आधीची अध्यक्षीणबाई मुलीला भेटायला मायामीला म्हणून गेली ती तिकडचीच झाली, आणि नवी निवडायची बैठक भरली तेव्हा सेनाइदा उशिरा पोचली. ती येईपर्यंत तिची निवड होऊन गेली होती. तेव्हापासून अधूनमधून वरून पाठवलेला एक मोटारसायकलवाला तिच्या दारात येऊन विचारायचा, की कॉम्रेड, तो रेडिओ दुरुस्तीवाला इंटरनेटवर काय लिहितो?

आता हे सेनाइदाला कसं कळावं? तिच्याकडे धड मोबाईल नाही, असता तरी वाचायला डोळे नाहीत. मग तिने आपल्या स्वभावाप्रमाणे सरळ रस्ता धरला. भिंतीपलीकडे हाक मारली.

"ए एर्मिनियो! तू जे काय खरडतोस ना, ते मला वाचून दाखवत जा. मला वर सांगावं लागतं."

"सगळं?"

"सगळं. आणि सावकाश वाच. मला लक्षात ठेवायचंय."

असा तो परिपाठ सुरू झाला. शनिवारी सकाळी एर्मिनियो स्वतःचा कप घेऊन यायचा. सेनाइदा फडक्यातून कॉफी गाळायची. तिच्यात कॉफी किती आणि भाजलेले वाटाणे किती, हे विचारायचं नाही अशी ह्या देशात रीत आहे. मग ती दारातल्या झुलत्या खुर्चीत बसायची, तो पायरीवर बसून मोबाईल नाकाशी धरायचा आणि ज्याच्यावर पाळत होती तोच माणूस पाळत ठेवणाऱ्याला आपला गुन्हा खणखणीत आवाजात वाचून दाखवायचा.

एर्मिनियो दिसायला काडी. खिशाला स्क्रू-ड्रायव्हर, डोक्याला 'हत्ती' ह्या गावच्या बेसबॉल संघाची हिरवी टोपी. ती टोपी उन्हाने इतकी विटली होती की हिरवी आहे हे तो सांगायचा म्हणून मानायचं. उभा जन्म लोकांचे रेडिओ दुरुस्त करण्यात गेला, पण हे त्याच्या दृष्टीने पोटासाठी. खरं काम म्हणजे स्टेडियममधली गुणलेखकाची खुर्ची. बेसबॉलमध्ये मारलेला चेंडू अडवणाऱ्याच्या हातून सुटला, तर ती त्याची चूक की मारणाऱ्याची करामत, हे गुणलेखक ठरवतो. चूक म्हणजे 'एरर'. एर्मिनियो ते ठरवायचा आणि घोगऱ्या आवाजात कर्ण्यावरून जाहीर करायचा. त्यावर सगळं स्टेडियम त्याच्या आईचा उद्धार करायचं आणि तो समाधानाने पुढचा चेंडू बघायचा. बायको गेल्यावर त्या माणसाला जगायला तेवढी एक खुर्ची पुरली.

ब्लॉगचं नाव होतं 'तिसऱ्या बेसमागून'. वाचक शेकड्यांनी आहेत असं तो म्हणायचा. सेनाइदाच्या मते एक त्याचा चुलतभाऊ, आणि बाकीच्यांना वाचण्याचा पगार मिळत होता. लिखाणाला धरबंद असा नव्हता. पावाच्या रांगेपासून सुरुवात झाली की गाडी डावखुऱ्या पिचरांवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांवर, जाऊन थांबायची, आणि पिचरपासून निघाली की हमखास एखाद्या मंत्र्यावर जाऊन आदळायची.

"'पिचर थकला की बदलावा,'" एर्मिनियो वाचायचा. "'हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आपल्याकडे पिचर म्हणतो मी थकलो नाही, आणि त्याला थकला म्हणायची कुणाची छाती होत नाही.'"

"हे कुणाबद्दल आहे?"

"पिचरबद्दल."

"मेल्या, मी आंधळी आहे, खुळी नाही."

"मग काढून टाकू?"

"काढू नकोस. पिचरचं नाव घाल. नाव असलं की मला वर सांगायला बरं पडतं."

आणि तो नाव घालायचा! कुठला संपादक एवढी काळजी घेतो? पाळतीबद्दलही त्याची मतं होती आणि ती तो तिच्याच दारात बसून, तिचीच कॉफी पीत ऐकवायचा. "'समोरच्या संघाच्या खुणा जो चोरून बघतो, त्याचा स्वतःच्या बॅटवर भरवसा नसतो. आपल्याकडे एवढं चोरून बघतात, त्या अर्थी त्यांनाच आपली धास्ती असणार.'"

"हे मी ऐकलंच नाही," सेनाइदा म्हणायची. "तेवढ्यात माझं दूध उतू गेलं."

"तुला दूध मिळतं कुठे?"

"तेही लिही."

मोटारसायकलवाला आला की ती मान डोलवत अहवाल द्यायची. डावखुरे पिचर, ओल्या मैदानावरचे टप्पे, हत्तींच्या प्रशिक्षकाची अक्कल असं सगळं सविस्तर. बिचारा अर्ध्यातच हेल्मेट घालायचा.

एवढी सलगी असून दोघांमध्ये एक गाठ होती, आणि तिला कुणी हात लावत नव्हतं. सेनाइदाचा एकुलता एक मुलगा ओदेलिन हत्तींकडून शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे चेंडू अडवायला, उभा राहायचा. पोरगा चपळ. राष्ट्रीय संघाची निवड तोंडावर होती, निवडणारे येऊन बसले होते, आणि शेवटच्या सामन्यात एक साधा सरपटता चेंडू त्याच्यापाशी गेला आणि पलीकडे निघाला. कर्ण्यावरून आवाज आला, "एरर. शॉर्टस्टॉप." त्या संध्याकाळी सेनाइदा अख्खं डुकराचं तंगडं फडक्यात बांधून एर्मिनियोच्या घरी गेली होती. वाईट टप्पा पडला म्हण, एवढंच म्हण, माझ्या पोराचं आयुष्य आहे रे, म्हणून रडली होती. एर्मिनियोही रडला. पण शब्द बदलला नाही आणि तंगडं परत पाठवलं. निवड झाली नाही. पुढे ओदेलिन दोन मित्रांबरोबर बंदराबाहेरून एका होडीतून देश सोडून गेला. त्यानंतर ना फोन, ना निरोप. मित्रांच्या आयांनाही काही कळलं नाही. सेनाइदा वर्षभर एर्मिनियोशी बोलली नाही. मग एक दिवस तिचा रेडिओ बिघडला आणि बोलावंच लागलं, पण त्या चेंडूचं नाव पुन्हा दोघांनीही काढलं नाही.

नवा हंगाम सुरू व्हायच्या जरा आधी मोटारसायकल आली ती निराळ्याच आवाजाची. माणूसही नवा होता. आपलं नाव रोलांदो आहे असं त्याने सांगितलं. ह्या लोकांची नावं कुणी खरी धरत नाही. आवाजावरून पोरसवदा वाटला. सेनाइदाने डावखुऱ्या पिचरांना हात घातला तसं त्याने तिला थांबवलं.

"आजी, राहू द्या. मी त्याचं सगळं वाचतो. माझ्या मोबाईलवरच येतं."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"स्टेडियममध्ये त्याला पुन्हा बसवायचं की नाही हे ठरायचंय. असल्या माणसाच्या हातात कर्णा द्यायचा का, असं वर म्हणतात. गल्लीचं मत लागतं. तुमचं." मग जरा थांबून तो म्हणाला, "त्याने तुमच्यावर लिहिलंय, ते वाचून दाखवलं का तुम्हाला?"

सेनाइदाची खुर्ची झुलायची थांबली.

"नसेलच दाखवलं," पोरगा म्हणाला आणि वाचू लागला. "'आमच्या गल्लीवर नजर ठेवणारी बाई दारात खुर्ची टाकून बसते. खुर्चीचं तोंड माझ्या घराकडे असावं अशी सरकारची अपेक्षा असणार. ते कधीच नसतं. ते बंदराकडे असतं. तिला आता काही दिसत नाही, तरी ते बंदराकडेच असतं. पाळत ठेवणारा आणि वाट बघणारा लांबून सारखेच दिसतात, म्हणून ही चूक झाली आहे. तिचा मुलगा आमचा शॉर्टस्टॉप होता. त्याच्या नावावर मी एक एरर लिहिली आहे. ती बरोबर होती आणि तिच्यामुळे मला अजून झोप लागत नाही.'"

सेनाइदाच्या अंगाची लाहीलाही होत होती. जे तिने सख्ख्या बहिणीपाशी कधी बोलून दाखवलं नाही, ते ह्या माणसाने चव्हाट्यावर मांडलं होतं, आणि पावाच्या रांगेवरचं अक्षरन् अक्षर वाचून दाखवणाऱ्याने नेमकं हेच तिच्यापासून लपवलं होतं.

"बघा, तुमच्या दुःखाचा बाजार मांडला त्याने," पोरगा हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही एवढंच म्हणा आजी, की हा माणूस खोटं लिहितो. बाकी मी बघतो."

किती सोपं होतं! एर्मिनियोच्या त्या एका शब्दाने तिचं घर रिकामं केलं होतं. आता एका शब्दाने त्याची खुर्ची रिकामी झाली असती, फिट्टंफाट. शब्द तिच्या जिभेवर आला होता, हे मी लपवणार नाही. इतकी वर्षं ज्याने आत ठुसठुसत ठेवलं त्याचं उट्टं काढायची संधी दारात चालत आली, तर कोण सोडतो?

"खोटं?" ती म्हणाली. "खोटं लिहायला जमत असतं ना त्याला, तर माझं त्याच्याशी भांडण कशाला झालं असतं? डुकराचं तंगडं घेऊन गेले होते मी. पाया पडले. माझ्यासाठी नाही लिहिलं त्याने खोटं, तुझ्यासाठी काय लिहिणार?"

"म्हणजे मी वर काय सांगू?"

सेनाइदाने झग्याच्या कडेला डोळे पुसले.

"सांग, की चेंडू पायांमधून गेला. टप्पा चांगला होता. पोराने हातमोजा खाली नेलाच नाही, त्याचं लक्ष निवडणाऱ्यांकडे होतं. मी तिथेच बसले होते आणि तेव्हा माझे डोळे शाबूत होते." "हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस. जा आता. कॉफी नाहीये."

पोरगा थोडा वेळ तसाच उभा राहिला असावा, कारण मोटारसायकल सुरू व्हायला वेळ लागला.

शनिवारी एर्मिनियो कप घेऊन आला तेव्हा दार लोटलेलं होतं.

"अगं ए म्हातारे, झोपलीस काय?"

"मला वाचून न दाखवलेलं आधी वाच."

मग पायरीवर तो बसल्याचा आवाज आला आणि त्याने वाचलं, दाराच्या फटीतून, अडखळत. एररची ओळ त्याला दोनदा घ्यावी लागली.

"खुर्ची तिकडे असते ती वाऱ्यासाठी," आतून आवाज आला. "बंदराचा वारा येतो."

"बरं. तसं लिहितो."

"लिहू बिहू नकोस. आहे तसंच असू दे." दार उघडलं. "आण तो कप इकडे."

तिच्याकडे कोण आलं होतं आणि काय बोलणं झालं, हे तिने सांगितलं नाही. स्टेडियममधल्या खुर्चीचं काय ठरलं ते एर्मिनियोला कुणी कळवलंही नाही. तिकडे कळवायची पद्धत नाही. सामन्याच्या दिवशी जायचं, आणि दारावरच्या माणसाने आत सोडलं तर तुम्ही आहात. तो आठवडाभर टोपी धूत होता आणि वाळत घालत होता. ब्लॉगवर त्याने काही लिहिलं नाही, पिचरांवरसुद्धा.

सलामीच्या सामन्याला सेनाइदा शेजारणीचा दंड धरून स्टेडियममध्ये गेली. ओदेलिन गेल्यापासून तिने तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. शेंगदाण्याच्या पुड्या, ढोल, रमचा वास, हत्तींच्या नावाने चाललेला गोंगाट, सगळं होतं तसंच होतं. तिच्यापुढे नुसता हिरवट उजेड होता. तिने कान कर्ण्याकडे लावले. पण कर्णा बोलेना. पहिले डाव स्वच्छ गेले, कुणाच्या हातून काही सुटलं नाही, आणि गुणलेखकाला तोंड उघडायचं कारणच पडलं नाही.

"कोण बसलंय ग वर?" तिने शेजारणीला विचारलं.

"उन्हाची तिरीप येतेय काचेवर. कोणीतरी आहे."

"टोपी आहे का?"

"दिसत नाही ग बाई."

सेनाइदाने हातातली शेंगदाण्याची पुडी चुरगळून चुरगळून पार भुगा केला. मग बॅटचा टणत्कार झाला, लोक उठले, ओरडले आणि एकदम हळहळले. काहीतरी कुणाच्या तरी जवळून निसटलं होतं. कर्णा खरखरला. कुणीतरी घसा साफ केला, आणि तो घोगरा, ओळखीचा, दुष्ट आवाज सगळ्या मैदानभर पसरला.

"एरर. शॉर्टस्टॉप."

सेनाइदा ताडकन उठून उभी राहिली. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आवाज आला त्या दिशेला, होता नव्हता तो जीव एकवटून ओरडली,

"आंधळा आहेस का रे, मेल्या!"